मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: हवाई अंतर मोजण्याच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४ : काय मोजायचं ते ठरवणं

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ (बीओएम) ते सॅन फ्रान्सिस्को विमानतळ (एसएफओ). एअर इंडियाने डिसेंबर २०२२ मध्ये या दोन शहरांत थेट सेवा सुरू केली. बे एरियातल्या मराठी घरांत या मार्गाची चर्चा रोजची असते, आणि तरी अंतर विचारलं की जो तो वेगळा आकडा सांगतो. ही जोडी निवडण्याचं दुसरं कारण असं की ती सोपी नाही. मार्ग १८० रेखांश ओलांडतो आणि आर्क्टिकवरून जातो. त्यामुळे सूत्रातल्या आणि नकाशावरच्या बहुतेक चुका इथे उघड्या पडतात. मुंबई–दुबई मोजून त्या कधी दिसल्या नसत्या.

मोजायचे आकडे तीन, आणि ते वेगवेगळ्या रकान्यांत राहतील: गोल पृथ्वीवरचं लघुत्तम अंतर, ध्रुवांकडे चपट्या पृथ्वीवरचं लघुत्तम अंतर, आणि विमान प्रत्यक्ष उडालं ते अंतर. या तिन्हींची सरमिसळ झाली की वाद संपत नाहीत.

साहित्य: लिब्रेऑफिसची स्प्रेडशीट, पायथॉन, क्यूजीआयएस. शेवटचं हे नकाशांचं सॉफ्टवेअर. तिन्ही फुकट. खर्च झाला तो फक्त ३० सेंटिमीटर व्यासाचा ग्लोब आणि दोऱ्याच्या रिळाचा.

४ नोव्हेंबर : अक्षांश-रेखांश

वापरलेले बिंदू:
मुंबई: १९.०८८७ उत्तर, ७२.८६७९ पूर्व
सॅन फ्रान्सिस्को: ३७.६१९० उत्तर, १२२.३७५० पश्चिम, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये −१२२.३७५०

हे धावपट्टीचं टोक नव्हे. हा विमानतळाचा संदर्भबिंदू. दशांशानंतर चार घरं म्हणजे साधारण ११ मीटर, तेवढं पुरेसं. दोनच घरं ठेवली तर एक-सव्वा किलोमीटर आधीच हातचं जातं.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो अंश-मिनिटं-सेकंदांनी. मुंबईचा अक्षांश काही याद्यांत १९°०५′१९″ असा दिलेला असतो. तो घाईत १९.०५१९ असा टंकला जातो. खरा दशांश काढायचा तर मिनिटं ÷ ६० आणि सेकंद ÷ ३६०० करून अंशांत मिळवायचे: १९ + ०.०८३३ + ०.००५३ = १९.०८८६. चारही आकडे तसेच टंकले तर अंतर सुमारे ४३ किलोमीटरने फुगतं. साडेतेरा हजारांत ४३ कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत, म्हणून ही चूक सर्वांत घातक. ओळखायची खूण एकच: यादीतल्या एकाही आकड्यात दशांशानंतरची पहिली दोन घरं ६० च्या पुढे जात नसतील तर संशय घ्या.

दुसरा सापळा शहराच्या नावाचा. नकाशावर ‘सॅन फ्रान्सिस्को’ शोधलं की टाचणी शहराच्या मध्यावर पडते, ३७.७७४९ उत्तर, १२२.४१९४ पश्चिम. विमानतळ तिथून जवळपास १८ किलोमीटर दक्षिणेला आहे. मुंबईहून येणारी रेषा उत्तरेकडून उतरते, त्यामुळे ते १८ किलोमीटर जवळजवळ सगळेच्या सगळे अंतरातून कमी होतात. शोधताना विमानतळाचा कोड टाका, शहराचं नाव नको.

५ नोव्हेंबर : हॅवरसाइन

हॅवरसाइन म्हणजे गोलावरच्या दोन बिंदूंमधलं लघुत्तम अंतर काढायचं सूत्र:
क = साइन²(अक्षांशांतला फरक ÷ २) + कॉस(अक्षांश १) × कॉस(अक्षांश २) × साइन²(रेखांशांतला फरक ÷ २)
कोन = २ × आर्कसाइन(√क)
अंतर = ६३७१ (पृथ्वीची सरासरी त्रिज्या, किमी) × कोन (रेडियनमध्ये)

पडताळ्यासाठी मधले आकडे: पहिलं पद ०.०२५९२, दुसरं ०.७३५३७, बेरीज ०.७६१२९. कोन १२१.५०५ अंश, म्हणजे २.१२०६७ रेडियन. अंतर १३,५११ किलोमीटर.

पहिल्या प्रयत्नात हे आलं नव्हतं. स्प्रेडशीटची साइन-कॉस फंक्शनं रेडियन मागतात, अंश नव्हे. प्रत्येक कोन आधी रेडियनमध्ये बदलायचा, आणि तो सूत्रातच बदलण्यापेक्षा वेगळ्या रकान्यात बदललेला बरा. चूक कुठे आहे ते लगेच दिसतं.

नंतरची चूक चिन्हाची. पश्चिम रेखांशाचं उणं चिन्ह गळलं की अंतर ५,१९४ किलोमीटर येतं. हा आकडा हवेतून आलेला नाही. १२२.३७५ पूर्व, ३७.६ उत्तर हा बिंदू चीनच्या शानतुंग किनाऱ्याबाहेर, वेहाई शहराजवळच्या पिवळ्या समुद्रात पडतो. सूत्राने तिथपर्यंतचं अंतर बिनचूक काढून दिलं. सूत्र बरोबर, बिंदू चुकीचा.

रेखांशांतला फरक −१९५.२४ अंश येतो. तो ३६० मधून वळवून १६४.७६ करण्याची हॅवरसाइनला गरज नाही, साइनचा वर्ग दोन्हीकडे सारखाच. पण पुढे नकाशावर रेषा काढताना हाच फरक छळतो, तेव्हा आताच वळवून वेगळा लिहून ठेवणं चांगलं.

६ नोव्हेंबर : एटॅन२ ची अदलाबदल

तेच सूत्र काही ठिकाणी आर्कसाइनऐवजी एटॅन२ (क्ष आणि य या दोन आकड्यांवरून कोन देणारं फंक्शन) वापरून लिहिलेलं असतं. ते पायथॉनमधून उचलून स्प्रेडशीटमध्ये टाकलं की उत्तर ६,५०४ किलोमीटर येतं. कारण पायथॉनचं एटॅन२ आधी य आणि मग क्ष घेतं, तर एक्सेल, लिब्रेऑफिस आणि गूगल शीट्स आधी क्ष आणि मग य घेतात. क्रम उलटला की कोन १८० अंशांतून वजा होऊन मिळतो, म्हणजे मुंबईच्या नेमक्या विरुद्ध बाजूच्या बिंदूपासूनचं अंतर. तपासणी सोपी: १३,५११ आणि ६,५०४ यांची बेरीज २०,०१५, म्हणजे बरोबर अर्धा पृथ्वीपरीघ. दोन उत्तरांची बेरीज अशी आली की एटॅन२ कडे बोट दाखवावं.

दिशाकोनातही हाच घोळ होतो. मुंबईहून निघताना खरा दिशाकोन १४.१ अंश, म्हणजे उत्तरेच्या किंचित पूर्वेला. क्रम उलटला तर ७५.९ येतो. पूर्वेकडे निघून गाठायच्या अमेरिकेसाठी तो जास्त पटण्यासारखा वाटतो, म्हणूनच तो तसाच राहून जातो. प्रतिज्ञेवर सांगावं असं: अंतर बरोबर आलं तरी दिशाकोन वेगळा तपासा.

९ नोव्हेंबर : कुठली त्रिज्या, कुठला मैल

कोन तोच, २.१२०६७ रेडियन.
६३७१ किमी त्रिज्या धरून: १३,५११ किमी
६३७८.१३७ किमी (विषुववृत्ताची) धरून: १३,५२६ किमी

गूगल मॅप्सच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत ठरावीक त्रिज्या ६३७८.१३७ आहे. आपल्या शीटशी तिचा मेळ बसत नाही तो एवढ्यासाठीच.

मैलांचा प्रश्न याहून त्रासदायक. १३,५११ किलोमीटर म्हणजे ८,३९५ साधे मैल, पण ७,२९५ नाविक मैल. विमान वाहतुकीत नाविक मैल चालतो (१.८५२ किमी), प्रवाशांसाठीच्या इंग्रजी मजकुरात बहुधा साधा (१.६०९३४४ किमी). नुसतं ‘मैल’ लिहिलेला रकाना शीटमधून काढून टाकला. अंशांना ६० ने गुणून नाविक मैल काढायची जुनी रीत ७,२९० देते, पाच कमी. त्या रीतीत पृथ्वीची त्रिज्या नकळत ६,३६६.७ किमी धरली जाते.

१० नोव्हेंबर : चपटी पृथ्वी

इथे प्रकल्पाचा खरा गाभा आहे.

डब्ल्यूजीएस-८४ या पृथ्वीच्या आकाराच्या प्रमाणित मोजमापाप्रमाणे पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८.१३७ किमी आणि ध्रुवीय ६,३५६.७५२ किमी. हा फरक हिशेबात धरून अंतर येतं १३,५२९ किलोमीटर (७,३०५ नाविक मैल, ८,४०६ साधे मैल). गोल पृथ्वीपेक्षा १८ किलोमीटर जास्त.

‘जास्त’ का? ध्रुवाकडे पृथ्वी दबलेली, तर तिथून जाणारा रस्ता आखूड हवा असं पटकन वाटतं. पण आपण मोजतो तो अंशांचा हिशेब. दबलेल्या भागाचा बाक कमी असतो, पृष्ठभाग सपाटीकडे झुकतो, त्यामुळे अक्षांश एका अंशाने बदलायला जास्त चालावं लागतं. विषुववृत्ताजवळ अक्षांशाचा एक अंश ११०.५७ किमी, ध्रुवाजवळ १११.६९ किमी, आणि ६३७१ त्रिज्येच्या गोलावर सगळीकडे १११.१९. आपला मार्ग बराचसा उत्तर-दक्षिण धावतो आणि त्याचा मोठा तुकडा उंच अक्षांशांवर आहे. तिथे प्रत्येक अंशामागे गोल थोडं थोडं कमी मोजतो. विषुववृत्ताजवळून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मार्गावर नेमकं उलट होईल, गोल जास्त मोजेल. म्हणून ‘गोलाच्या उत्तरात अमुक टक्के मिळवा’ असा सरसकट नियम करू नये.

अंमलबजावणी: आधी चपट्या पृथ्वीवरचं अंतर काढायची १९७५ ची व्हिन्सेंटीची पद्धत स्प्रेडशीटमध्ये उतरवली. या जोडीसाठी ती झटकन स्थिरावते. पण पृथ्वीवर जवळजवळ समोरासमोर असलेल्या बिंदूंवर ती फिरत राहते. ० उत्तर, ० पूर्व आणि ०.५ उत्तर, १७९.७ पूर्व ही चाचणीसाठीची प्रसिद्ध जोडी. तिथे उत्तर येतच नाही. म्हणून जिओग्राफिकलिब ही तयार लायब्ररी घेतली, त्यात चार्ल्स कार्नी यांची २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत आहे आणि ती कुठेच अडत नाही. जिओपाय ही पायथॉनची लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी: आवृत्ती २.० पासून त्यात व्हिन्सेंटी नाहीच, ‘जिओडेसिक’ वापरा. जुन्या शिकवण्यांतला कोड तिथे बंद पडतो, तुमचं काही चुकलेलं नसतं.

मोठ्या याद्यांसाठी आणखी एक: ज्या ओळीत दोन्ही विमानतळ एकच पडतात तिथे आर्ककॉसवालं साधं सूत्र अधूनमधून त्रुटी दाखवतं, कारण बारीक गोळाबेरजेने कॉसचं मूल्य १ च्या केसभर वर जातं. हॅवरसाइनमध्ये ही भानगड नाही.

११ नोव्हेंबर : पडताळा

शीट दुसऱ्या मार्गांवर चालवून पाहिली. सिंगापूर–न्यूयॉर्क (जेएफके) प्रसिद्ध आकडा १५,३४९ किमी, पर्थ–लंडन हीथ्रो १४,४९९ किमी. चपट्या पृथ्वीचा रकाना जुळला. गोलाचा नाही, आणि ते अपेक्षितच.

मग ग्लोब. ३० सेंटिमीटर व्यासावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किमी, तेव्हा दोरा ३१.८ सेंटिमीटर यायला हवा. नायलॉनचा दोरा ताणला जातो, सुती घ्या. ग्लोबचा छापील कागद पाकळ्यांनी चिकटवलेला असतो आणि जोडावर मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकलेला असतो. एक मिलिमीटर म्हणजे ४२ किमी, तेव्हा ग्लोबकडून १०० किमीपेक्षा जास्त अचूकता मागू नये. पण दोरा ताणल्यावर तो आपोआप आर्क्टिकवर जाऊन बसतो, आणि शाळेत दाखवायला याहून चांगलं साधन नाही. ग्लोबचा खर्च तेवढ्यावर वसूल.

१६ नोव्हेंबर : नकाशावर रेषा

क्यूजीआयएसमध्ये वेब मर्केटर (वेबवरच्या नकाशांत रूढ असलेली सपाट मांडणी) नकाशावर दोन बिंदू जोडून मोजपट्टी ‘कार्टेशियन’ (सपाट कागदावरची) ठेवली तर अंतर २१,८६२ किलोमीटर येतं. हे अशक्य आहे. पृथ्वीवरचे कुठलेही दोन बिंदू एकमेकांपासून सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असूच शकत नाहीत. शीटमध्ये ही मर्यादा तपासणी म्हणून घातली, त्यापुढचा आकडा आला की रकाना लाल होतो. मोजपट्टी ‘एलिप्सॉइडल’ (चपट्या पृथ्वीवरची) करा आणि प्रकल्पाच्या गुणधर्मांत डब्ल्यूजीएस-८४ निवडलेलं आहे ना ते पाहा, मग १३,५२९ येतं.

मर्केटरवर पूर्वेकडे काढलेली सरळ रेषा म्हणजे एकच दिशाकोन (८२.७ अंश) धरून जाणारा मार्ग. त्याची लांबी सुमारे १६,१४० किमी, लघुत्तम मार्गापेक्षा २,६०० हून जास्त. नकाशावर सरळ दिसणारा रस्ता एवढा महाग पडतो.

खरी रेषा काढायला मधले बिंदू लागतात. दोन्ही विमानतळांचे त्रिमितीय सदिश घेऊन एकूण कोनाच्या प्रमाणात भारित बेरीज करायची: मार्गाच्या त या भागासाठी (० ते १) पहिल्या सदिशाचा भार साइन((१−त)×कोन) ÷ साइन(कोन), दुसऱ्याचा साइन(त×कोन) ÷ साइन(कोन). मग बेरजेतून अक्षांश-रेखांश परत काढायचे. रेखांशाचे समान भाग पाडून बिंदू घेतले तर ध्रुवाजवळ गर्दी होते आणि मुंबई व कॅलिफोर्नियाजवळ रेषा तुटक दिसते. कोनाचे भाग पाडा. दर १०० किमीला एक बिंदू पुरतो.

पहिल्या चित्रात रेषा सायबेरियाच्या उत्तरेला पोहोचली आणि तिथून अख्खा नकाशा आडवा कापत डाव्या टोकाला गेली. कारण १८० रेखांश. मार्ग तो ७५.७ उत्तरेजवळ ओलांडतो आणि पुढचे रेखांश उणे होतात. उपाय दोन: तिथे रेषा तोडून दोन तुकडे करणं, किंवा उण्या रेखांशांत ३६० मिळवून नकाशाचा मध्य १५० पूर्वेला नेणं. दुसरा उपाय दिसायला सुबक आहे, पण ती फाइल दुसऱ्या कुणाला दिली की त्यांच्याकडे बिघडते. तुकडेच केले.

१७ नोव्हेंबर : रेषा कुठून जाते

हे बिंदू ज्यांना स्वतःचा कोड तपासायचा आहे त्यांच्यासाठी. मुंबईहून निघालेली रेषा राजस्थानात झुंझुनूवरून, मग पंजाब-हिमाचलवरून लेहच्या पश्चिमेला पंधराएक किलोमीटरवरून आणि काराकोरम खिंडीच्या अगदी जवळून जाते. पाकिस्तानला शिवत नाही. पुढे शिनच्यांग, पूर्व कझाकस्तान, रशियातलं नोवोकुझनेत्स्क. मध्यबिंदू ७३.६ उत्तर, १२१.९ पूर्व, लेना नदीच्या मुखाच्या पश्चिमेला लाप्तेव समुद्रात. सर्वांत उत्तरेचा बिंदू ७६.६५ उत्तर, १५८.२ पूर्व, द लाँग द्वीपसमूहातल्या जेनेट बेटाजवळ. तिथून अलास्काचं उत्तर टोक, उत्कियाग्विक (जुनं नाव बॅरो) पंधरा-वीस किलोमीटर उजवीकडे ठेवून रेषा अमेरिकेत शिरते आणि कॅनडाच्या किनाऱ्याने खाली उतरते.

मध्यबिंदू आणि सर्वांत उत्तरेचा बिंदू वेगळे आहेत हे ध्यानात ठेवा. दोन्ही विमानतळांचे अक्षांश सारखे असतील तरच ते एक होतात.

विमान मात्र या रेषेवरून जाईलच असं नाही. काराकोरम आणि तिबेटच्या पठारावर केबिनमधला हवेचा दाब गेला तर १०,००० फुटांपर्यंत उतरायला जागाच नसते, आणि प्रवाशांच्या मुखवट्यांतला रासायनिक ऑक्सिजन मोजक्या मिनिटांचा असतो. त्या भागातल्या ठरावीक मार्गांसाठी जादा ऑक्सिजनची अट असते. उत्तरेला इंधनाचं तापमान सांभाळावं लागतं: जेट ए-१ उणे ४७ ला गोठू लागतं, अमेरिकेत भरलं जाणारं जेट ए उणे ४० लाच. आणि रशियाचं आकाश २०२२ पासून सगळ्यांना खुलं नाही.

२४ नोव्हेंबर : उडालेलं अंतर

विमान आपली जागा, उंची आणि वेग सतत प्रसारित करतं, त्या एडीएस-बी संदेशांच्या नोंदी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या) फाइलमध्ये मिळतात. लागोपाठच्या बिंदूंमधली अंतरं मोजून बेरीज करायची, इतकंच. पण फाइल साफ करण्यात सगळा वेळ गेला.

अक्षांश आणि रेखांश एकाच रकान्यात, अवतरणचिन्हांत, मध्ये स्वल्पविराम. ओळ स्वल्पविरामावर तोडली की पुढचे सगळे रकाने एक घर सरकतात आणि उंची वेगाच्या जागी येऊन बसते. सीएसव्ही वाचणारं तयार लायब्ररी फंक्शन वापरा. उंची फुटांत, वेग नॉटमध्ये, वेळ यूटीसीत. गेटपासून धावपट्टीपर्यंतचे जमिनीवरचे बिंदू गाळा.

उपग्रहांच्या खोट्या संकेतांमुळे विमान क्षणात शेकडो किलोमीटर उडी मारताना दिसतं. दोन बिंदूंमधला वेग ताशी १,३०० किमीच्या वर निघाला तर नंतरचा बिंदू टाकून दिला. मर्यादा १,००० ठेवून पाहिली होती. जोरदार मागच्या वाऱ्यात खरे बिंदूसुद्धा गळू लागले.

समुद्रावर आणि आर्क्टिकवर जमिनीवरचे ग्राहक नाहीत, त्यामुळे काही तासांची पोकळी राहते. पोकळीच्या दोन्ही टोकांमध्ये आपण लघुत्तम रेषा धरतो, म्हणजे बेरीज खऱ्यापेक्षा कमीच येणार. शीटमध्ये अशा बेरजेपुढे ‘किमान’ लिहिलं आणि पोकळीची लांबी शेजारच्या रकान्यात दिली. उंचीचा परिणाम त्यामानाने किरकोळ: ११ किलोमीटर उंचीवरून संपूर्ण मार्ग २३ किलोमीटरने वाढतो. तो वेगळा दाखवला, बेरजेत धरला नाही.

लांबचा मार्ग मुद्दाम का निवडतात याचा आकड्यांतला दाखला दिल्लीचा आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को लघुत्तम अंतर सुमारे १२,४०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाचं बोइंग ७७७-२००एलआर अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून गेलं, १५,३०० किमी, साडेचौदा तासांत. भागाकार केला तर ताशी १,०५५ किमी. एवढा वेग मागच्या वाऱ्याशिवाय निघत नाही. अटलांटिककडचा मार्ग त्याहून १,४०० किमी कमी असूनही जास्त वेळ घेत होता, कारण तिथे तोच वारा समोरून येतो.

म्हणून शीटमध्ये शेवटचा रकाना हवेतल्या अंतराचा: जमिनीवरचं अंतर × हवेतला वेग ÷ जमिनीवरचा वेग. इंधन या आकड्यावर जळतं. १३,५२९ किमीचा मार्ग, हवेत ताशी ९०० किमी आणि सरासरी १०० किमीचा मागचा वारा धरला तर हवेतलं अंतर १२,१७६ किमी होतं. तोच वारा समोरून आला तर १५,२२० किमी. जाण्या-येण्याचं अंतर एकच लिहिलं तरी हा रकाना दोन्ही दिशांना वेगळा भरावा लागतो, आणि वाऱ्याची सरासरी त्या दिवसाची घ्यायची, वर्षाची नव्हे.